बाटलीहिरव्या गाडीतल्या लपवलेल्या स्विचबाबत

गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. ठाण्यात समक्ष.

जबाब देणार, बाजारात 'वायरवाला' या नावाने ओळखला जाणारा, वय ५३ वर्षे, धंदा जुन्या गाड्यांची इलेक्ट्रिकल कामे, राहणार पाण्याच्या टाकीसमोर, स्वतःच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. कोणी बोलावले नसता आपण होऊन हजर राहून सांगतो ते असे.

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. गाडीत जिथे जिथे तार जाते ते काम मी करतो. इंजिन उघडत नाही, पत्रा ठोकत नाही. गेली पंचवीस वर्षे याच जागी आहे.

हरवले म्हणून ज्यांची नोंद काल संध्याकाळी ठाण्यात झाली आहे ते गृहस्थ, वय ७८, यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मीही तेच म्हणतो. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काम शिकलो. हरवलेल्या इसमाशी नाते काय, असे हवालदार साहेबांनी विचारले. मला पटकन सांगता आले नाही. साहेबांनी 'परिचित' असे लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे.

काल ठाण्यात ताईसोबत मी आलो होतो. ताई म्हणजे मिस्त्रींची मुलगी, वय ४१, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करते. माझ्यापेक्षा लहान आहे, तरी मी तिला ताई म्हणतो आणि ती मला दादा. मिस्त्री काल दिवसभरात तुमच्याकडे आले होते का, असे मला विचारले गेले. मी 'नाही' म्हणालो. ते खोटे आहे. ते आले होते. एवढे सांगण्यासाठी मी आलो आहे. साहेब म्हणाले, मग पहिल्यापासून सांगा, मधूनच नको. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मिस्त्रींकडे बाटलीहिरव्या रंगाची चार दारांची जुनी गाडी आहे. सत्तावन्न सालची, म्हणजे वयाने माझ्याहून मोठी. तिचे वायरिंग त्यांनी स्वतः दोनदा बदलले, दुसऱ्या वेळी तारा कापून द्यायला मी होतो. गाडीला ते 'बाई' म्हणतात. काकू हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, या घरात दोन बाया आहेत आणि पॉलिश एकीलाच मिळतं. मिस्त्री म्हणायचे, दुसरी न घासताच चमकते. काकूंना जाऊन सहा वर्षे झाली.

काम शिकवताना मिस्त्री फार बोलत नसत. पण एका गोष्टीवर हटून बसत. तारांचा जोड टेपने गुंडाळून झाला की टेपचे शेवटचे टोक बोटभर दुमडून सोडायचे. म्हणजे पुढे कधी कोणाला तो जोड उघडायचा झाला तर नखाने टोक सुटते, ब्लेड घालावे लागत नाही, तार कापली जात नाही. आपल्यामागून येणाऱ्याचे हाल करायचे नाहीत, असे ते म्हणत. एवढा वेळ कोणाकडे आहे म्हणून बाजारात लोक हसायचे. ही सवय आमच्या बाजारात दोनच हातांना आहे, एक त्यांचा आणि एक माझा.

मागच्या वर्षापासून मिस्त्रींना रस्ता आठवेनासा झाला. हेडलाइटचा बल्ब आणायला म्हणून गेले आणि चार तासांनी दुसऱ्या गावच्या पेट्रोल पंपावर सापडले. पंपावरच्या माणसाला ते स्वतःच्या घराचा रस्ता विचारत होते आणि तो बिचारा त्यांना पत्ता विचारत होता. त्यानंतर दोन महिन्यांनी मोठ्या रस्त्यावर उलट्या बाजूने गेले. समोरून दुधाचा टँकर येत होता. टँकरवाल्याने ब्रेक मारला म्हणून आपण आज इथे एवढेच बोलत आहोत. मिस्त्री घरी येऊन म्हणाले, हल्ली लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही.

डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मिस्त्री म्हणाले, डॉक्टर नवीन आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी ताई माझ्या दुकानात आली. जेवणाच्या सुट्टीत आली होती, डबाही हातातच होता.

"दादा, तू सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

"किल्ली काढून घे ना."

"किल्ली? दोन तारा जोडून गाडी सुरू करायला तुला कोणी शिकवलं?"

मला हसू आले. ती हसली नाही. म्हणाली, "समोरून लहान मूल आलं तर? ते गेले तर मी रडेन, पण त्यांच्या गाडीखाली कोणी गेलं तर मी काय करू? आणि त्यांना काय सांगू?"

तिचे म्हणणे बरोबर होते. मिस्त्रींना समोर बसवून, मिस्त्री, आता गाडी सोडा, एवढेच सांगायचे होते. ते दोन दिवस रागावले असते, चार दिवस बोलले नसते. मी म्हणालो, सांगायला कशाला पाहिजे, एक स्विच बसवून टाकू. पुढे जे काही झाले ते माझ्या या एका वाक्यावरून झाले. हे वाक्य ताईचे नाही, माझे आहे.

साहेबांनी विचारले, स्विच म्हणजे घरात पंख्याला असतो तसा का. तसा नाही. म्हणून थोडे समजावून सांगतो.

गाडी बंद पाडण्याचे स्विच बरेच प्रकारचे मिळतात. ताईसमोर मी काउंटरवर तीन काढून ठेवले. पहिला लाल किल्लीचा, बॅटरीच्या जाड तारेवर बसतो. किल्ली काढली की सगळी गाडी मरते, दिवे नाहीत, भोंगा नाही. मी म्हणालो, हा नको, भोंगा वाजला नाही की ते बॅटरीकडे बघतील आणि मिनिटात हुडकतील. दुसरा थेट बॅटरीच्या टोकावर बसणारा, हिरव्या मुठीचा. तो तर बॉनेट उघडताच डोळ्यांत भरतो. तिसरा लहान खटक्याचा, कॉइलकडे जाणाऱ्या तारेत बसवायचा. कॉइल म्हणजे जिथून ठिणगीचा करंट तयार होतो ती डबी. तो खटका बंद असला की कॉइलला करंट पोचत नाही. हाही नको, कारण मिस्त्री टेस्ट लॅम्प लावतील, दिवा लागणार नाही आणि तार धरून ते सरळ खटक्यापर्यंत येतील. त्यांना दोन मिनिटे लागतील.

ताई म्हणाली, "म्हणजे त्यांना सापडणारच नाही असं काही नाहीच का?"

होते. चौथा मार्ग होता आणि तो मला मिस्त्रींनीच दाखवला होता. फार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याची गाडी दोनदा चोरीला गेली, तेव्हा त्यांनी तसे करून दिले होते. त्यात स्विच कॉइलचा करंट तोडत नाही. कॉइलच्या पलीकडच्या बाजूने एक तार काढून तो करंट गाडीच्या पत्र्यात सोडून देतो. मग कॉइलला करंट पोचलेला दिसतो, दिवे लागतात, भोंगा वाजतो, स्टार्टर गरगर फिरतो, सगळे शाबूत, फक्त ठिणगी पडत नाही. तपासणाऱ्याला वाटते ठिणगीला जोर देणारा कंडेन्सर गेला. तो बदलला की वाटते कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट खराब. तेही बदलले की त्याला काही सुचत नाही.

ते काम करताना मिस्त्री मला म्हणाले होते, "हा स्विच चोरासाठी नाही रे, मेकॅनिकसाठी आहे. चोर दोन मिनिटांत पळून जातो. मेकॅनिक आठवडाभर शोधत बसतो." आणि काम झाल्यावर हात पुसताना म्हणाले, "हे परत करायचं नाही. शोधणाऱ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडतो."

हे वाक्य मला त्या दुपारी आठवले होते. विसरलो होतो असे मी म्हणणार नाही.

स्विच निवडण्यात मी हयगय केली नाही. दोन दिवस घेतले. हलका खटका हादऱ्याने आपोआप लागला तर चालती गाडी भर रस्त्यात बंद पडायची, म्हणून ताठ खटक्याचा, पितळी टोकांचा, वीस अँपिअरचा घेतला. वर रबरी टोपी बसवली. जुन्या गाडीत कापडी वेष्टणाची तार असते, ती माझ्याकडे एक वेटोळे शिल्लक होती, तीच वापरली, म्हणजे नवी तार जुन्यांत ओळखू येऊ नये. पुढच्या शनिवारी ताई त्यांना डोळे तपासायला तिच्या दुकानात घेऊन गेली आणि मी मागे राहून काम केले. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला, सामान ठेवायच्या कप्प्याच्या मागे, लोखंडी पट्टीवर स्विच बसवला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याचा डावा हात बरोबर तिथे पोचतो. चाळीस मिनिटांत काम झाले. कामात चूक नव्हती.

ठरले असे की ताई कामाला निघताना खटका लावेल. रविवारी ती शेजारी बसेल, खटका काढेल आणि मिस्त्री तिला तळ्यापर्यंत फिरवून आणतील. त्यांचा रविवार तरी राहावा, असे तिच्या मनात होते.

पहिल्या सोमवारी अकरा वाजता मला फोन आला. "बाई उठत नाही रे. स्टार्टर मारते, पण ठिणगी नाही. कंडेन्सर दिसतो." मी म्हणालो, असेल. त्यांनी कंडेन्सर बदलला. मंगळवारी फोन, नव्या कंडेन्सरनेही नाही. बुधवारी पॉइंट घासले. शुक्रवारी पॉइंट नवे घातले. रविवारी ताई शेजारी बसली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मिस्त्री तिला म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे बघ." त्या दिवशी ते फार खुशीत होते, असे ताईने मला सांगितले. सोमवारी पुन्हा गाडी बंद.

असे सात आठवडे चालले. या काळात मला त्यांचे नऊ फोन आले. प्रत्येक वेळी मी काहीतरी सांगितले. तार बघा, वॉशर बघा, प्लग बघा. मला ठाऊक असलेला दोष सोडून मी त्यांना बाकी सगळीकडे फिरवले. चौथ्या आठवड्यात ताईचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, काढून टाकू या का? ते रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून बसतात. कालपासून स्वतःशीच बोलायला लागलेत." मी म्हणालो, अजून थोडे दिवस जाऊ दे, कंटाळतील. ते कंटाळणारे नव्हेत, हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे भाजली. अशा जोडणीत किल्ली चालू ठेवून बराच वेळ गेला की कॉइल तापते. ते तासभर दोष शोधत होते आणि कॉइल तापून विस्तवासारखी झाली होती. हरवलेल्या इसमाच्या ओळखीच्या खुणांमध्ये भाजल्याचा डाग लिहिला आहे, तो हा. मी मलम नेऊन दिले. ते म्हणाले, तू आलास बरं झालं, तुझ्याशिवाय कोण येतंय.

सहाव्या आठवड्यात ते कॉइल आणि प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर टॉवेलात बांधून माझ्या दुकानात आले. बाकावर मांडले आणि म्हणाले, "तू बघ. मला दिसत नाही." मी दोन्ही वस्तू यंत्रावर लावल्या. ठिणगी निळी, जाड, सरळ पडत होती. ते वाकून बघत होते.

"चांगली आहे की," ते म्हणाले.

"चांगली आहे."

"मग दोष माझ्यात आहे."

चहा घेता का, असे मी विचारले. ते नको म्हणाले. टॉवेलाची गाठ त्यांना बसेना, ती मी बांधून दिली.

आता कालचे सांगतो. बुधवारी सकाळी मी वर चहा घेत होतो, दुकान उघडायचे होते. साडेनऊच्या सुमारास खिडकीतून पाहिले तर मिस्त्री रस्ता ओलांडून येत होते. राखाडी पँट, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, दोरीला अडकवलेला चष्मा. नोंदीत लिहिले आहे तसेच. ते शटरसमोर आले. शटरवर दोनदा थाप मारली. मग पायरीवर बसले.

पत्नीने विचारले, "खाली कोण आहे?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक आहे, जाईल." तिने खिडकीतून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. ती कालपासून माझ्याशी कामापुरतेच बोलते.

मला वाटले ते पुन्हा काहीतरी तपासायला घेऊन आले आहेत. पुन्हा मला यंत्र लावावे लागेल, पुन्हा चांगले आहे म्हणावे लागेल आणि पुन्हा ते म्हणतील, मग दोष माझ्यात आहे. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी खाली गेलो नाही. त्यांच्या हातात टॉवेल नव्हता, हात मोकळे होते. हे मला दिसत होते, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

ते सव्वादहापर्यंत बसले. पाऊण तास. मग उठले, पँट झटकली आणि उजवीकडे गेले, जुन्या पुलाच्या दिशेने. त्यांचे घर डावीकडे आहे. त्यांना हाक मारायला हवी होती. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर मी खाली जाऊन दुकान उघडले.

संध्याकाळी ताईने विचारले तेव्हा मी नाही म्हणालो, कारण हो म्हणालो असतो तर पुढचे सगळे सांगावे लागले असते. त्यामुळे काल सगळे डावीकडच्या भागात शोधत राहिले, सुट्या भागांच्या दुकानांतून, गॅरेजांतून. मीही सोबत फिरत होतो. जिथे ते गेले नाहीत हे मला पक्के ठाऊक होते, तिथे मी ताईसोबत दुकानादुकानांत विचारत फिरलो.

आज सकाळी आठ वाजता ताई आणि मी त्यांच्या घरी गाडीपाशी गेलो. गाडीचे दार उघडेच होते. ड्रायव्हरच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मी बसवलेला स्विच ठेवलेला होता. स्वच्छ पुसलेला. त्याच्या तारा गुंडाळून बांधलेल्या, स्क्रू काड्यापेटीत घातलेले. त्यावर गाडीची किल्ली आडवी ठेवलेली. मी किल्ली घेऊन फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. ताईने तोंडावर हात ठेवला. ती मला चार शब्द बोलली असती तर बरे झाले असते.

सीटखाली एक वही मिळाली, ती मी ठाण्यात जमा करत आहे. हल्ली लक्षात राहत नाही म्हणून मिस्त्री त्यात रोजचे तपासणीचे काम लिहून ठेवत होते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. 'सोमवार. दिवा कॉइलपर्यंत लागतो. पुढे नाही. मुलगी कामावर.' 'रविवार. चालू. मुलगी घरी.' 'गुरुवार. बंद. मुलगी कामावर.' पुढच्या एका गुरुवारी ताईने तापामुळे रजा घेतली होती, खटका लावला नव्हता. तिथे लिहिले आहे, 'गुरुवार. चालू. मुलगी घरी.' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. ज्या माणसाला घराचा रस्ता आठवत नव्हता त्याने सात आठवडे लिहून लिहून दोष घरात आहे इथपर्यंत शोध आणला.

शेवटच्या पानावर मंगळवारची नोंद आहे. 'कॉइलकडून एक तार जास्त. रंग जुळवलेला. टेपचे टोक दुमडलेले.' पुढे काही लिहिलेले नाही.

मिस्त्रींपासून लपवायचे काम करताना मी तार जुन्यासारखी शोधली, जागा शोधली, सगळे शोधले. पण जोड गुंडाळून झाल्यावर माझ्या हाताने आपण होऊन टोक दुमडले. मला ते कळलेही नाही. त्यांना ते सापडताच हे कोणाचे काम आहे हे समजले असणार. ते बुधवारी सकाळी माझ्याकडे हेच विचारायला आले होते, असे माझे म्हणणे आहे.

ते जुन्या पुलाकडे गेले, तिकडे शोध व्हावा. त्या रस्त्याने नऊ किलोमीटरवर बस डेपो आहे. स्वतःचे गॅरेज काढण्यापूर्वी मिस्त्री त्या डेपोच्या बॅटरी रूममध्ये काम करत होते. मी त्यांच्याकडे तिथेच कामाला लागलो. तिथे विचारावे.

स्विच बसवण्यामागे ताईचा आणि माझा हेतू केवळ मिस्त्रींच्या जिवाची काळजी हाच होता. ताईचा यात काही दोष नाही. माझे सांगणे इथपर्यंत आहे. साहेबांनी ते वाचून दाखवले, मी ऐकले.

पुरवणी जबाब

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. तोच इसम पुन्हा हजर राहून पुढे सांगतो ते असे.

दुपारी साहेबांनी बस डेपोत फोन लावला. मिस्त्री तिथे आहेत, असे कळले. साहेबांच्या गाडीतून मी त्यांच्यासोबत गेलो. ताई तिच्या दुकानातून परस्पर येणार होती. डेपोच्या रखवालदाराने सांगितले की म्हातारे कालपासून इथेच आहेत, पायी आले, जुने कामगार म्हणून त्याने त्यांना झोपायला खोली दिली, चहा-बिस्किटे दिली. घरचा नंबर विचारला तर म्हणाले, उद्या सांगतो, आज मला घरच्यांशी बोलायचं नाही.

मिस्त्री बॅटरी रूमबाहेरच्या बाकावर बसले होते. चपला काढलेल्या होत्या आणि दोन्ही पाय सुजले होते. मी हरवलेले इसम म्हणून त्यांना ओळखले. त्यांनीही मला ओळखले.

"काल दुकान बंद का होतं रे?" त्यांनी विचारले.

"मी वरच होतो, मिस्त्री. खिडकीतून पाहिलं तुम्हाला."

"मग?"

"खाली आलो नाही."

त्यांनी पाय चोळला. मी म्हणालो, "मला वाटलं तुम्ही परत कॉइल घेऊन आलात."

"कॉइल कशाला आणू? कॉइल चांगली आहे, तूच तर तपासलीस." मग म्हणाले, "किल्ली सीटवर ठेवून आलो होतो. तेवढंच सांगायचं होतं तुला. की आता बाईला तू घेऊन जा, मला काही झेपत नाही. दुसरं काही नव्हतं."

मी त्यांच्या पायांशी खाली बसलो. माफ करा म्हणालो. त्यांनी ते ऐकले की नाही मला माहीत नाही, कारण ते माझ्या हातांकडे बघत होते.

"टोक दुमडलं होतंस म्हणून बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर मी आपला माझ्याच हातांना बोल लावत बसलो असतो."

मी विचारले, "इतक्या लांब का आलात?" ते म्हणाले, "हा एक रस्ता अजून पायांना ठाऊक आहे."

तेवढ्यात ताई आली. तिने त्यांच्या पायांत मोजे चढवायला घेतले. मिस्त्री तिला म्हणाले, "म्हणजे तुझ्या हाताला गुण नव्हताच म्हणायचा." ताई हसली आणि मग खूप रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोजे मी चढवले.

साहेबांनी मिस्त्रींना विचारले, तुमची कोणाविरुद्ध तक्रार आहे का. ते नाही म्हणाले. मग साहेबांनी विचारले, हा इसम तुमचा कोण. मिस्त्री म्हणाले, माझ्याकडे कामाला होता. तसे त्यांच्या जबाबात लिहिले आहे.

दुपारचा माझा जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती करावी. 'हेतू केवळ मिस्त्रींच्या जिवाची काळजी हाच होता' असे जिथे आहे तिथला 'केवळ' काढावा. त्यांच्या समोर बसून त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही, हेही तिथे लिहावे. साहेबांनी माझ्यासमोर तो शब्द खोडला, वरती लिहिले आणि बाजूला माझी सही घेतली. आता सगळे पहिल्यापासून वाचून दाखवले आहे. मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे.